मातृभाषा कोणाची? वर्ध्याचा ठराव आणि बधिर मुलाचे हात

१/ २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यास आणि कालांतराने त्यातूनच शिक्षकांच्या वेतनाची सोय, असे चार ठराव तिथे झाले. हीच नई तालीम. आजच्या धाग्यात यांपैकी दुसऱ्या ठरावाला एक प्रश्न विचारायचा आहे : बधिर मुलाची मातृभाषा कोणती?

२/ बहुसंख्य बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. आईची भाषा मुलाच्या कानापर्यंत पोहोचत नाही आणि जी भाषा मुलाला सहज यावी, ती आईला ठाऊक नसते. म्हणूनच या मुलांच्या बाबतीत भाषा कोणती, हे घराआधी शाळेने ठरवले.

३/ शाळेने काय ठरवले? १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते. खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ, असा ठराव त्यांनी केला. पुढे अनेक देशांतल्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. ओठ वाचा आणि बोला, एवढेच उरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आपण जाणतो. इथे हात दाबले गेले.

४/ त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने भारतातील बधिरांची पहिली शाळा निघाली. १८९३ मध्ये कलकत्त्यातही शाळा सुरू झाली. आपल्याकडेही दीर्घकाळ मौखिक पद्धतीचेच वर्चस्व राहिले. तरीही भाषा मेली नाही. वर्गात बंदी असलेल्या खुणा वसतिगृहात, मैदानावर, बधिरांच्या संस्थांत एका पिढीने दुसरीला दिल्या.

५/ 'पण या नुसत्या खुणाच ना?' नव्हे. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवले. भारतीय सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास १९७०च्या दशकात सुरू झाला. तिचे व्याकरण मराठीचेही नाही आणि हिंदीचेही नाही. 'तू कुठे राहतोस?' यातला 'कुठे' तिथे सहसा वाक्याच्या शेवटी येतो. 'हो की नाही' विचारताना भुवया उंचावतात आणि तेच प्रश्नचिन्ह ठरते.

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक अडचण दिसते. या भाषेला लिपी नाही. त्यामुळे दप्तरांत उरतात ते अहवाल, आणि ते लिहिणारे बहुतेक ऐकू येणारे. 'मूकबधिर' हा शब्दही त्याच नजरेतून आला आहे. बधिर माणूस मुका नसतो. तो बोलतो, पण आपल्याला ते वाचता येत नाही.

७/ श्रवणयंत्र आहे, कॉक्लिअर इम्प्लांट आहे, मग खुणा कशाला, हा पालकांचा प्रश्न प्रामाणिक आहे. मूल बोलावे ही इच्छा चूक नाही. पण यंत्राचा लाभ प्रत्येकाला सारखा होत नाही आणि भाषा शिकण्याची कोवळी वर्षे परत येत नाहीत. वाणीचे शिक्षण जरूर द्यावे. त्यासाठी हातांची भाषा हिरावून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

८/ २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला. भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुयोग्य भाषेतून शिक्षणाची हमी दिली. परंतु आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत ही भाषा नाही. २०११च्या जनगणनेने श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक भारतीयांची नोंद केली, त्या देशातली ही स्थिती आहे.

९/ नई तालीमचा गाभाच हात होता : टकळी फिरवणारा, माती कालवणारा, करता करता शिकणारा हात. जे मूल हातांनी विचार करते, त्याला या विचारात सर्वांत आधी जागा हवी होती. त्या चार ठरावांत त्याचा उल्लेख नाही. मातृभाषेचा आग्रह धरण्यामागचे कारण एकच होते, मुलाला शिकताना परकेपणाचे ओझे नको. ते कारण खरे मानले, तर बधिर मुलाचे माध्यम सांकेतिक भाषाच ठरते, आणि ती शिकण्याची जबाबदारी आईवर, शिक्षकावर आणि आपल्यावर येते.

१०/ मित्रहो, तुमच्या गावात एखादे वृद्ध बधिर आजोबा किंवा आजी असतील. जाणकार दुभाष्याला सोबत घेऊन, त्यांच्या संमतीने, त्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवा. हे दप्तर कागदावर मिळणार नाही. ते त्यांच्या हातांत आहे आणि त्यांच्याबरोबरच जाईल.