हसावे कोणाला?

बडा हिंदुराव भागात रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर थकून निजलेला कोणा आजाऱ्याचा नातलग, आणि त्याच्या उशाशी मऊ गाद्यांची जाहिरात! अशी जोडी टिपून आपले हौशी छायाचित्रकार बंधू ‘काय विरोध साधला!’ म्हणत परस्परांची पाठ थोपटतात. रस्ता सर्वांचा, म्हणून दृश्यही सर्वांचे, हा त्यांचा युक्तिवाद. आम्हांस तो मान्य नाही. निजलेल्याला नकार देता येत नाही. त्याच्या निरुपायावर उभारलेला विनोद ही निव्वळ कुचेष्टा होय.

विरोधातून फुलणाऱ्या विनोदाला आमची ना नाही. होमाई व्यारावालांनी १९५४ साली पालम विमानतळावर पंडित नेहरूंना टिपले, ते छायाचित्रणास सक्त मनाई करणाऱ्या पाटीपाशी! तेथे हसू येते ते सत्तेच्या हुकमाचे. हिंदुरावाच्या टेकडीवरही असा विनोद उभा आहे. इंग्रजांनी १८५७च्या आपल्या स्मारकावर ज्यांना ‘शत्रू’ म्हटले, ते परकीय सत्तेविरुद्ध लढणारे वीर होते, असे सांगणारी पाटी १९७२ साली आपल्या सरकारने तेथेच लावली.

आम्हां सरकारी नोकरांच्या कचेऱ्यांतही पाट्या पुष्कळ आहेत. कॅमेरा प्रथम तिकडे वळवावा. निजलेल्याला निजू द्यावे.