रोहिदास आणि उखर्डू

मुंबईहून सुरतेकडे जाताना मरोली मागे पडलं की सचिन स्टेशन लागतं. या सचिनचा क्रिकेटशी काही संबंध नाही. हे एका सिद्दी संस्थानाचं नाव. जंजिऱ्याच्या गादीच्या भांडणात बाहेर पडलेल्या बाळूमिया सिद्दीने १७९१ साली पेशव्यांशी करार केला, जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती जंजिरा काही लागला नाही. बाळूमियाला सचिन मात्र मिळालं. आज इथे जीआयडीसी आहे, लूम आहेत, डाईंगच्या गिरण्या आहेत, आणि उधना-जळगाव गाडीने पोटामागे आलेला खानदेश आहे. चहाच्या टपरीवर गुजरातीइतकीच सहज अहिराणी कानावर पडते.

सिनेमाच्या इतिहासात सचिनचं नाव एकाच बाईमुळे येतं. फातमा बेगम ही भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक. सचिनच्या नबाबाशी, सिद्दी इब्राहिम मुहम्मद याकूत खान तिसरे यांच्याशी, तिचं लग्न झाल्याचं सांगतात. कागद मात्र सापडत नाही, आणि नबाबाने तिच्या मुलींना आपलं म्हटल्याचाही पुरावा नाही. उर्दू रंगभूमीवरून ती १९२२ च्या ‘वीर अभिमन्यू’मधून पडद्यावर आली. गोष्ट कोवळ्या पोराच्या मरणाची. चार वर्षांनी तिने स्वतः ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. पऱ्यांचा, चमत्कारांचा, कॅमेऱ्याच्या करामतींचा. त्याचं एक रीळही उरलेलं नाही. तिची सुरतेत जन्मलेली मुलगी झुबैदा १९३१ मध्ये ‘आलम आरा’ची नायिका झाली.

फातमा बेगमची आठवण काढण्याला कारण आहे. मूल गमावलेले आईबाप आणि घरात कुणाची तरी चाहूल, असा सिनेमा आला की ‘हे सगळं बाहेरून उचललेलं’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. निकोलस रोगच्या १९७३ च्या ‘डोन्ट लुक नाऊ’चा दाखला देतात: तळ्यात बुडालेली मुलगी, व्हेनिसच्या गल्ल्या, तो लाल रेनकोट. चित्रपट थोर आहे, वाद नाही. पण आपल्याकडे हा प्रकार व्हेनिसहून आला नाही. आपला सिनेमा जन्मलाच मुळी मेलेल्या पोराजवळ, स्मशानात, आईबापांच्या मध्ये.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. शाळेत आपण त्याला ‘सत्यवचनी राजाची कथा’ म्हणून शिकतो. जरा सत्य बाजूला ठेवून कथेकडे पाहा. एक बाई, तारामती, मेलेल्या मुलाला, रोहिदासाला, उचलून स्मशानात येते. जवळ सरणापुरतेही पैसे नाहीत. डोंबाकडे चाकरीला असलेला जो माणूस तिच्याकडे स्मशानाचा कर मागतो, तो त्या मुलाचा बाप आहे. मग आकाशातून देव येतो आणि मूल उठून बसतं. शोक आणि अद्भुत यांची याहून घट्ट गाठ मला तरी दुसऱ्या कुठल्या देशाच्या पहिल्या चित्रपटात दिसलेली नाही. लहानपणी याच कथेचं नाटक पाहून गांधीजींना ते पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटे, हे त्यांच्या आत्मकथेत आहेच.

दादासाहेब फाळके हा चित्रपट काढायला बसले तेव्हा ते आधीच एक मूल गमावलेले बाप होते. गोध्र्यात त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय बरा चालला होता. १९०० च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं आणि त्यांनी ते गाव सोडलं. बडोद्यात पुन्हा स्टुडिओ मांडला, तर गावात बोलवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. बायको आणि मूल गमावलेल्या माणसाच्या हातातलं यंत्रच जीव घेतं म्हणून लोक त्याच्यापुढे बसायला भितात! कुणा पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर आपण ‘जरा अतीच झालं’ म्हटलं असतं.

पुढचा प्रसंग त्याहून अवघड. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्रने, केलं. वांगणीच्या बाजूला चित्रण चालू असताना खेळता खेळता तो दगडावर आपटला, डोक्यातून रक्त आलं, शुद्ध हरपली. लोक म्हणाले, काम थांबवा, पोराला घेऊन परत जा. प्रथमोपचार झाल्यावर फाळक्यांनी कॅमेरा लावला आणि सरणाचा प्रसंग चित्रित केला. नाहीतरी त्या प्रसंगात मुलगा निपचित पडलेलाच हवा होता. ही हकिकत सहसा ‘कामावरची निष्ठा’ या सदराखाली सांगतात. मला ती तशी वाचता येत नाही. एक मूल प्लेगला दिलेला बाप दुसऱ्या बेशुद्ध मुलाला खोट्या सरणाजवळ ठेवून चौकट जुळवतो आहे, आणि पुढच्या प्रसंगात शंकर येऊन त्याला उठवणार आहे हे त्याला ठाऊक आहे, कारण शंकराला आणणारा तोच आहे. कॅमेरा थांबवायचा, नट उभा करायचा, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. देवाची युक्ती एवढीच.

कोरोनेशनमधल्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं, हेही पाहायला हवं. त्या काळी आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांमागे दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आतच जात. आज हा आकडा पंचविसाच्या आसपास आहे. म्हणजे १९१३ च्या प्रेक्षागृहात मूल न गेलेलं घर शोधावं लागलं असतं. रोहिदास उठतो तेव्हा टाळ्या पडत असतील त्या सत्याच्या विजयाला, असं मानायला माझी तयारी नाही.

मूकपटातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, साडी नेसलेला पुरुष. पुढे १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनात. पहिला मराठी बोलपट म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण पहिल्याच मराठी बोलपटासाठी पुन्हा तीच कथा का निवडली असेल? मला वाटतं, यंत्राला आवाज फुटला तेव्हा सगळ्यांना आधी ऐकायचं होतं ते आईचं रडणं. या वेळी तारामती दुर्गा खोटे होत्या. एकोणीस वर्षं मुकं राहिलेलं स्मशान त्या दिवशी बोललं.

त्यानंतर ही कथा पडद्यावरून हळूहळू उतरत गेली. लस आली, गोळी आली, दवाखाने आले. मूल जगणं हा नियम आणि जाणं हा अपवाद झाला. चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक गोष्ट झाली तिची नोंद कुणी केली नाही. ज्या घरात मूल जायचं ते घर पूर्वी गल्लीतल्या इतर घरांसारखंच असायचं. आता ते एकटं पडलं. शेजारीण काय बोलावं या भीतीने दारात येत नाही. शोक स्मशानातून उठून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला आणि दार लावून बसला.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या रीमा कागतींच्या ‘तलाश’मध्ये तो फ्लॅट आहे. मुंबईचा पोलीस इन्स्पेक्टर सुरजनसिंग शेखावत, त्याची बायको रोशनी, बुडून गेलेला आठ वर्षांचा करण. नवरा रात्र रात्र गाडी घेऊन फिरतो. बायको शेजारच्या फ्रेनीकडे जाते, तिच्या हातून करणचे निरोप येतात म्हणून. नवऱ्याला ही भोंदूगिरी वाटते. पोलिसाला वाटायलाच हवी. चित्रपट लागला तेव्हा सगळी चर्चा सुरजनला रात्री भेटणारी रोझी भूत आहे की नाही यावर झाली, आणि शेवट आवडला नाही म्हणून बरेच प्रेक्षक रागावून बाहेर आले. रोझीचं रहस्य मला तेव्हाही दुय्यम वाटलं, आज तर फारच. खरा शेवट म्हणजे फ्रेनीच्या हातून उतरलेलं करणचं पत्र सुरजन वाचतो तो. करण उठून बसत नाही. शंकर येत नाही. एक कागद येतो, आणि इतके दिवस न रडलेला बाप रडतो.

शंभर वर्षांत देवाने मूल परत करण्याचं काम सोडलं आहे. आता भुताने निदान निरोप आणावा एवढीच मागणी उरली आहे.

पश्चिमेतही हे याच वाटेने झालं. १९१५ मध्ये आघाडीवर मारल्या गेलेल्या मुलाशी, मृतांचे निरोप आणणाऱ्या माध्यमांमार्फत, बोलल्याचं सर ऑलिव्हर लॉज यांनी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून सांगितलं. ते नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. शहाण्या माणसाला असं काय झालं, हा प्रश्न विचारणाऱ्यांना त्या घराच्या दाराचा अंदाज नसतो.

अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढते, ही तक्रार मी गंभीरपणे घेतो, कारण ती ज्या चळवळीतून येते तिने किंमत मोजली आहे. डॉ. दाभोलकरांची हत्या ऑगस्ट २०१३ मध्ये झाली, त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. गुजरातने तसा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये केला. मधल्या काळात ‘वश’ हा गुजराती चित्रपट येऊन गेला होता, ज्यात मुलगी समोर जिवंत आहे, पण तिच्यावर आईबापांचा नव्हे तर कुणा परक्याचा ताबा आहे. हिंदीत त्याचा ‘शैतान’ झाला. कायदा भुतावर विश्वास ठेवणाऱ्याला पकडत नाही. त्या विश्वासावर दुकान मांडणाऱ्याला पकडतो. फरक महत्त्वाचा आहे. भगताला पैसे देणारी आई आणि भगत यांना एकाच टोपलीत टाकणारा माणूस मला फारसा विवेकवादी वाटत नाही.

आपली भुतंही एकदा नीट मोजावीत. सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर लिहिते, आणि तीच मूल नेतेही. पाण्यातल्या आसरा ओढून नेतात. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, पिंपळावर राहणारा. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’ने त्याला घेऊन शंभर कोटींच्या पुढे धंदा केला. मजा आली, मीही हसलो. पण मूळ मुंजा कुणाचा तरी गेलेला मुलगा होता. मराठीतल्या भुतांची ही यादी म्हणजे एका अर्थी गेलेल्या पोरांचं रजिस्टर आहे. धनगराचं, ब्राह्मणाचं, विहिरीचं, बाळंतिणीच्या खोलीचं, सगळ्यांचं.

त्याहून जुना प्रकार नावांचा. पाठीला पाठ मुलं गेली की पुढच्याला उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलून आणायचं; त्याचं नाव उखर्डू. कवडीला विकत घेतल्याचं दाखवलं तो कवडू. मागून आणला तो भिका. नाक टोचून मुलगी भासवला तो नथू. दगडाला कोण नेणार, म्हणून दगडू. मृत्यू दारात आला तर त्याला पत्ता चुकवायचा, हा सगळा खटाटोप. एवढं भय आणि एवढी चतुराई एका शब्दात बसवणारा थरारपट अजून कुणी काढलेला नाही.

सचिनमध्ये ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं. विषारी वायूने सहा कामगार मेले, वीसहून अधिक जण दवाखान्यात गेले. ६ जुलै २०२४ ला इथल्याच पाली गावात इमारत कोसळून सात जण गेले. दोन्ही वेळा बातमी दोन दिवस टिकली. मूल जाणं अपवाद झालं, असं मी वर लिहिलं ते फ्लॅटपुरतं खरं आहे. दोन पाळ्यांत एकच खाट वापरणाऱ्या खोल्यांची मोजणी वेगळी असते, आणि तिथल्या पोरांचे आईबाप पडद्यावर अजून आलेले नाहीत. मालेगावच्या छोटूदादाच्या विनोदी फिती पाहून खानदेश फोनवर पोटभर हसतो. त्याच्या रडण्याचा सिनेमा बाकी आहे.

इथल्या हजेरीच्या मस्टरवर आता यश, रोहित, हार्दिक अशी नावं असतात. खानदेशातल्या जुन्या मतदारयाद्या उघडल्या तर त्यांच्या आजोबांची भेटतात: उखर्डू, भिका, नथू, दगडू. हे सगळे वाचलेले. त्यांच्या आधी जे गेले त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्यातले कित्येक बारशापर्यंत पोचलेच नव्हते.