पाठमोरी घारापुरी

आपल्या या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. सवड असेल त्यांनी ते जरूर चाळावेत. दर दोन-तीन वर्षांनी त्यांत 'घारापुरीची सहल' नावाचा एक लेख हमखास सापडतो. लाँच हलली आणि पोटात ढवळले, जेटीवरची झुकझुक गाडी, लेण्यांच्या पायऱ्या, माकडाने एका मैत्रिणीच्या हातातून पळवलेली बाटली, मग त्रिमूर्ती, मग 'धन्य ते अज्ञात शिल्पकार', मग पोर्तुगीजांना दोन शिव्या आणि शेवटी सूर्यास्त. मी थट्टा करीत नाही. प्रथम वर्षाला असताना असाच एक लेख मीही लिहिला होता. संपादकांनी तो साभार परत केला, त्याबद्दल आज मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

कारण त्या लेखात घारापुरी नव्हतीच. होते ते एक लेणे आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता. बेट म्हणजे काय, त्याला किती बाजू असतात, तिथे कोण राहते, हे मला माहीत नव्हते आणि ते माहीत नाही याची मला लाजही नव्हती. लाज वाटावी असे कारण मात्र माझ्या शेजारीच, त्याच बाकावर, तीन वर्षे बसत होते. माझा तो मित्र मोराबंदरचा. (उरणचे मोरा बंदर निराळे आणि घारापुरी बेटाच्या ईशान्य टोकाचे मोराबंदर गाव निराळे, हा खुलासा आपल्या वर्गातही अनेकांना करावा लागतो.) आम्ही एकमेकांच्या वह्या उतरवल्या, एकाच डब्यातले खाल्ले, पण 'तुझे घर कुठून दिसते?' असे मी त्याला कधी विचारले नाही.

या वर्षी जानेवारीत आम्ही सहाजण त्याच्या काकांच्या होडीने बेटाभोवती एक फेरी मारून आलो. लेण्यांत गेलो नाही. पायऱ्या चढलो नाही. सारी फेरी दीड तासाची. तेवढ्यावर मी हे मत मांडतो आहे की, घारापुरीला जावयाचे असेल तर आधी बेटाला प्रदक्षिणा घालावी आणि देवदर्शन मागाहून करावे. काहींना हे अतिरेकी वाटेल. वाटो.

पहिली गोष्ट, ही फेरी मनात येईल तेव्हा निघत नाही. आम्ही रविवार ठरवला होता. काकांनी तो मोडीत काढला. त्यांचे गणित साधे आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या दुपारी होडी घेऊन बेटाच्या पूर्वेला गेलात तर चिखलात बसून राहाल आणि पाणी येईपर्यंत निवट्यांच्या उड्या मोजाल. भूगोलाच्या तासाला आपण चंद्राचे आकर्षण, सूर्याचे आकर्षण, सारे पाठ केले होते. पण कालनिर्णय बघून भरती सांगता येते हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. आम्ही तृतीयेला साडेबारा वाजता मोरा बंदरातून निघालो.

निघण्यापूर्वी एक प्रसंग घडला, तो लिहिला नाही तर हा लेख खोटा ठरेल. काकांनी पंधराशे रुपये सांगितले. मी सवयीने बाराशे म्हणालो. काका काही बोलले नाहीत. मित्र पाण्याकडे बघू लागला. सहा जणांत पंधराशे म्हणजे माणशी अडीचशे. आदल्या आठवड्यात सिनेमा आणि चहा यांवर मी त्याहून अधिक उडवले होते. सौदा बाराशेवर तुटला आणि मी जिंकलो. असा विजय शत्रूलाही मिळू नये. (उतरताना मी पंधराशे दिले. त्याने झाले ते भरून येत नाही.)

मग काकांनी प्रत्येकाच्या अंगावर नारिंगी जाकीट चढवले, दोऱ्या स्वतः आवळल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला प्रवासी वाहतुकीचा परवाना न मागता दाखवला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे गेली, ते याच पाण्यात. त्या दिवसापासून काका जाकिटाशिवाय कुणाला होडीत पाय ठेवू देत नाहीत, मग तो भाऊबंद का असेना. आम्ही हसतखिदळत आलो होतो. दोऱ्या आवळल्या गेल्या तसे गप्प झालो.

बेट उजव्या हाताला ठेवून निघालो, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाच. प्रथम दक्षिणेचे राजबंदर. आज इथे सहलीची लाँच लागत नाही. पण पोर्तुगीज आले ते या बाजूने. किनाऱ्याजवळ त्यांना एका अखंड दगडातला मोठा हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी साऱ्या बेटाला 'एलिफंटा' नाव देऊन टाकले. त्या हत्तीची पुढली कथा कुणी सहलीच्या लेखात लिहीत नाही. १८१४ साली त्याची मान आणि डोके कोसळले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलू गेले तेव्हा साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला गेले आणि १९१४ साली सांधून पुन्हा उभे करण्यात आले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती आजही उभा आहे. शाळेच्या सहलीला आलेली मुले त्याच्यापुढून जिवंत हत्ती बघायला पळत जातात. थोडक्यात, आपण ज्या हत्तीच्या नावाने तिकीट काढतो तो हत्ती बेटावर नाही, आणि ज्या दाराशी तो उभा होता त्या दाराने आपण आत जात नाही.

पश्चिमेला वळलो की वारा लागतो. डाव्या हाताला जवाहर द्वीप, म्हणजे जुने बुचर बेट. तेलाच्या टाक्या आणि धक्क्याला लागलेली अजस्र तेलवाहू जहाजे. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून इथली डिझेलची एक टाकी पेटली होती आणि ती आग काही दिवस चालली होती. मित्र तेव्हा सातवी-आठवीत असेल. "रात्री अंगणात वाचता येईल एवढा उजेड होता," तो म्हणाला. आम्ही हसलो. तो पुढे म्हणाला, "हसू नका. तेव्हा गावात वीज नव्हती." आणि खरेच, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल ओढून घारापुरीला वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. त्याआधी संध्याकाळी जनरेटर चाले, काही तास. युनेस्कोने ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत घेतली १९८७ साली. जगाचा वारसा होण्याला आणि घरात दिवा लागण्याला मध्ये एकतीस वर्षे गेली! आपल्या मागल्या अंकांतील एकाही लेखात ही वजाबाकी नाही. मुंबईचे दिवे बेटावरून किती सुंदर दिसतात, हे मात्र मी स्वतः लिहिले होते.

वायव्येला शेतबंदर आले. ही आपली ओळखीची बाजू. लांबलचक जेटी, तिच्यावर ती छोटी गाडी, टोप्यांचे आणि माळांचे स्टॉल, आणि पायऱ्यांवर मुंग्यांसारखी चढणारी माणसे. होडीतून बघताना मला वाटले, अरे, हा तर आपलाच फोटो! सारी माणसे एका रांगेत वर जाताहेत, एका रांगेत खाली येताहेत. कुणी डावीकडे बघत नाही, उजवीकडे बघत नाही. त्यांना दोष कसा द्यावा? शेवटची लाँच चुकेल ही धास्ती असते. त्या रांगेत मी दोनदा उभा राहिलो आहे.

त्रिमूर्तीची थोरवी मी नाकारीत नाही. सहाव्या शतकात डोंगर कोरून वीस फुटांच्या आसपासची ती तीन मुखे ज्यांनी घडवली त्यांना माझा नमस्कार आहेच. माझे म्हणणे एवढेच की, ती मूर्ती कोरणाऱ्यांना इथे आणले कुणी, पोसले कुणी, ते कुठल्या बंदरात उतरले, हे प्रश्न लेण्याच्या आत उभे राहून सुचत नाहीत. ते सुचतात बेटाच्या पाठीमागे.

ते पाठीमागले अंग म्हणजे मोराबंदर आणि पूर्व किनारा. उत्तरेला ट्रॉम्बेचा डोंगर आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. पूर्वेला न्हावाशेवा बंदराच्या क्रेना, १९८९ पासून रात्रंदिवस हलणाऱ्या. आणि या साऱ्याच्या मधोमध बेटाची ही शांत बाजू. तिवराची झाडे पाण्यात गुडघाभर उभी. वर पूर्वेकडच्या टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. या मोराबंदरच्या किनाऱ्यावर संशोधकांना रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे लेणी कोरली जाण्याच्या आधीपासून या चिखलाच्या काठाला परदेशचा माल उतरत होता. आज त्याच काठावरून कंटेनर मोजता येतात. काकांनी इंजिन बंद केले. "लेन्यान देव हाय," ते म्हणाले, "गावान कोन येतंय?"

तक्रारीचा सूर त्यात नव्हता. हिशेब होता. मासळीवर आता घर चालत नाही, महिन्यातून चार-सहा फेऱ्या मिळाल्या तर डिझेलचा आणि जाळ्याचा खर्च निघेल, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांना एक फलक हवा आहे आणि तो मी 'चांगल्या मराठीत' लिहून द्यावा अशी त्यांची आज्ञा झाली.

इथे माझा मित्र प्रथमच चिडला. "लेण्यात दगड बघता ते ठीक आहे. आता होडीत बसून आमची घरं बघणार? आमची आई वाळत घातलेली सुकट बघणार?" काका-पुतण्यात जुंपली. मी मध्ये बसलो होतो, बाराशे रुपयांत.

माझ्या मित्राचा आक्षेप मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. खाजगी सफर ही पैसेवाल्यांची चैन आहे, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. त्याला उत्तर आहे, सहाजणांनी वाटून घेतली तर ती लाँचच्या तिकिटाच्या जवळपास येते. उद्या पन्नास होड्या फिरू लागतील आणि ही शांत बाजूही शेतबंदर होईल, असे कुणी म्हणेल. तेही अगदीच खोटे नाही. परंतु 'आम्ही काय बघण्याची वस्तू आहोत?' हा प्रश्न निराळा आहे. त्याला मी इतकेच म्हणेन की, बघणारे येणारच आहेत. शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून रोपवे नेण्याची योजना काही वर्षांपूर्वी गाजली होती. तशा पाळण्यातून येणारा माणूस मोराबंदरच्या डोक्यावरून जाईल आणि खाली काय आहे हे त्याला सांगणारे कुणी नसेल. काकांच्या होडीत निदान सुकाणू काकांच्या हाती असते. कुठे इंजिन बंद करायचे आणि कुठली घरे दुरूनच टाळायची, हे ते ठरवतात. आम्हाला त्यांनी किनाऱ्याच्या एका ठिकाणाजवळून नेले नाही. कारण विचारले तर "तिथं नाय जात" एवढेच. मला ते फार आवडले. दाखवणाऱ्याला न दाखवण्याचाही अधिकार हवा. म्हणून माझे मत काकांच्या बाजूने पडते. मात्र पुतण्या होडीत असला पाहिजे, चिडलेला का असेना.

मोराबंदरला उतरून आम्ही मित्राच्या घरी चहा घेतला. भिंतीवर दोन प्रशस्तिपत्रके लावलेली होती, आपल्याच महाविद्यालयाची, वक्तृत्वाची. दोन्ही वर्षी स्नेहसंमेलनात त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा व्यासपीठावर जाऊन ती मी घेतली होती. 'विद्यार्थी अनुपस्थित, त्यांच्या वतीने' असे निवेदक म्हणाले होते आणि पाठीमागून कुणीतरी शिट्टी मारली होती. त्याच्या आईने विचारले, "तूच ना रे तो, आनून देनारा?" मी हो म्हणालो. मला वाटायचे, तो बुजरा आहे. परतीची होडी हे साधे कारण मला तीन वर्षांत सुचले नाही. दोन्ही संमेलने पौर्णिमेच्या आगेमागे झाली होती. पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता सुकती असते आणि मोऱ्याच्या धक्क्याला होडी लागत नाही.

फलकाचा मजकूर मी तीनदा लिहिला. पहिल्यात 'निसर्गरम्य' होते, ते मित्राने खोडले. दुसऱ्यात 'ऐतिहासिक' होते, ते काकांना लांब वाटले. तिसरा असा आहे: 'बेटाला फेरी. दीड तास. भरती बघून.' रंग अजून द्यावयाचा आहे.

स्नेहसंमेलन समितीस या लेखाद्वारे विनंती आहे की, पुढील वर्षीच्या बक्षीस-समारंभाची तारीख ठरवताना अष्टमीच्या आसपासचा दिवस धरावा. आठाला पाऊणने गुणले की सहा येतात.