पोराची पाठ रात्री दुखते? नाटक समजू नका!

पोराने 'पाठ दुखते' म्हटले की घरात दोनच निदाने होतात. दप्तर जड असेल, नाहीतर कामाचा कंटाळा. पण दुखणे रात्री वाढत असेल, पोर झोपेतून उठत असेल, पाठ एका बाजूला वाकू लागली असेल, तर ते नाटक नव्हे.

मणक्याच्या हाडात कधी कधी 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' नावाची छोटी गाठ होते. आकार शेंगदाण्याएवढा, दीड-दोन सेंटिमीटरच्या आत. ही गाठ कॅन्सरची नव्हे, पण दुखते फार. साध्या एक्स-रेत ती सहसा निसटते, सीटी स्कॅनमध्ये सापडते. गोळी घेतली की दुखणे तेवढ्यापुरते थांबते आणि महिनोन्‌महिने गोळ्यांवरच निभावले जाते. खरे नुकसान इथेच होते. सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला, तर पाठीचा बाक कायम राहण्याची भीती वाढते.

पूर्वी पाठ उघडून हाड कोरावे लागे. १९९२ साली अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी हाडातल्या अशा गाठीवर नवी पद्धत प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनमध्ये बघत गाठीत सुई घालायची आणि सुमारे ९० अंश उष्णतेने काही मिनिटांत गाठ जाळायची. पुढे ती मणक्यातही वापरात आली. आंब्याच्या खोडातला भिरूड आपण भोकात तार घालून मारतो, झाड तोडत नाही. तसेच हे. मात्र गाठ मज्जारज्जूला खेटून असेल तर उष्णतेचा धोका असतो. तिथे काय करायचे, ते मणक्याचे तज्ज्ञच ठरवतील.

सरपंच, मुख्याध्यापक आणि आशाताईंनीही लक्ष घालावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. पण दिवसा येणाऱ्या पथकाला रात्रीचे दुखणे दिसणार कसे? ते आपणच सांगायला हवे. तिथून पोराला जिल्हा रुग्णालयात पाठवता येते. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड सोबत ठेवा.

ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिकावरची कीड आपण वेळेत ओळखतो, मग पोराच्या दुखण्याला उशीर का?