डंप उपसण्याआधी पावसाचा हिशेब
गोव्यात एक टन लोहखनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघे. खाणपट्ट्याबाहेर ती टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी स्पष्ट केले. पडलेले डंप मात्र तेथेच उभे आहेत. हलक्या प्रतीची म्हणून फेकलेली ही माती चीनच्या मागणीनंतर विकाऊ ठरली आणि डंप धोरणाची चर्चा महसुलाभोवतीच फिरू लागली. वस्तुतः जुन्या उतारांवर ठिकठिकाणी झाडोरा रुजला आहे. तो खरवडला आणि पायथ्याशी संरक्षक भिंत, गाळकुंड नसले, तर पहिल्याच मुसळधार पावसात गाळ शेतांत उतरतो. 2009 च्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातील अडवलपाल गावात खाणीचे गाळपाणी शिरले होते. त्यामुळे उपशाची परवानगी देताना भिंत व गाळकुंड आधी तपासणे आणि पावसाळ्यात काम बंद ठेवणे, एवढी तरी अट हवी.