मेल्यावर कामगार, जिवंतपणी ‘स्वयंसेवक’!

पनवेलच्या नाक्यावर काम न मिळालेला मजूर उद्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी स्वतःवर करून घेण्यास तयार झाला, तर त्याला ‘निरोगी स्वयंसेवक’ असे गौरवाचे नाव मिळेल. परंतु रिकाम्या पोटाने दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय. कामोठ्यास आरोग्य विद्यापीठ आणि तळोजा-पाताळगंगेस औषधांचे कारखाने असलेल्या या परिसराला हा प्रश्न दूरचा नाही.

विरोध संशोधनाला नाही. चाचणीवाचून कोणतेही औषध सुरक्षित ठरत नाही. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेबंद चाचण्यांबद्दल सरकारला फटकारले, तेव्हा कोठे नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई बंधनकारक आहे. मात्र मृत्यूची भरपाई ठरविताना मूळ ८ लाख रुपयांना वयाचा जो गुणक लावतात, तो कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या आधारे घेतलेला आहे. म्हणजे मेल्यावर तो कामगार. जिवंत असेपर्यंत मात्र स्वयंसेवक!

ही दुटप्पी नीती संपलीच पाहिजे. नैतिकता समितीवर कामगारांचा प्रतिनिधी हवा. एकाच देहावर लागोपाठ चाचण्या होऊ नयेत म्हणून देशव्यापी नोंद हवी. आणि अंगठा उमटण्यापूर्वी संमतिपत्र मराठीतून समजावले जाते की नाही, हे पाहण्यास कार्यकर्ता मजुराशेजारी उभा हवा. कायद्याने मृत्यूनंतर मान्य केलेले कामगारपण जिवंतपणीच मिळवून देणे, हे चळवळीचे काम आहे.