अर्जांवरून कासवे मोजता येत नाहीत

वाशीच्या मासळी बाजारात कुपा, म्हणजे ट्यूना, दिसतो. त्याच जाळ्यात अडकलेले कासव दिसत नाही. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना चांगलीच आहे. मात्र तिचे अर्ज ओपीडीच्या केसपेपरसारखे आहेत: दवाखान्यात न आलेला रुग्ण त्यांत नसतो, म्हणून गावातला आजार त्यांवरून मोजता येत नाही. खरा अंदाज हवा तर चिठ्ठ्या टाकून काही फेऱ्या निवडाव्यात, त्या बोटींवर निरीक्षक पाठवावेत, काहीच न अडकलेली फेरीही नोंदवावी आणि मिळालेले प्रमाण एकूण फेऱ्यांना लावावे. नाहीतर उद्या अर्ज घटले, तर कासवे वाचली की संपली, हे सांगणार कसे?